युनिव्हर्सिटी आर्काइव्हमधले नेव्हीचे बॉक्स: विषय बदलू नकोस, वाचायचा क्रम बदल

तुझा प्रश्न मला कळला तो असा. तू अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका युनिव्हर्सिटीत इतिहासात एमए करतेस, थिसिसला विषय घेतलास की दुसऱ्या महायुद्धात तुमच्या कॅम्पसवर नेव्हीचे ऑफिसर कसे घडवले गेले. आर्काइव्हच्या यादीत नेव्हल ट्रेनिंगचे ११ बॉक्स दिसले म्हणून खूश झालीस, आणि चार बॉक्स उघडल्यावर हातात काय आलं तर जेवणाची बिलं, पलंग-गाद्यांची कोटेशनं आणि युनिव्हर्सिटीच्या प्रेसिडेंटच्या ऑफिसची पत्रं. मुलांची नावं नाहीत, मार्क नाहीत, पुढे कोण कुठल्या जहाजावर गेलं त्याचा पत्ता नाही. वर कोणीतरी सांगितलं की नेव्हीच्या फायली सेंट लुइसच्या आगीत जळाल्या. तर विषय बदलू का, असं विचारतेस, आणि जाता जाता हेही विचारलंस की आपल्याकडे भारतात असं काही मिळेल का.

विषय अजिबात बदलू नकोस. मी बरीच वर्षं अशाच एका युनिव्हर्सिटीच्या आर्काइव्हमध्ये काम करते, नेव्हीचे बॉक्स माझ्याच टेबलावरून रीडिंग रूममध्ये जातात, आणि तू अडकलीस तिथेच जवळजवळ प्रत्येकजण अडकतो, कारण सगळे नाव शोधत येतात आणि हे बॉक्स नावाप्रमाणे लावलेलेच नसतात.

आधी आगीचं मिटवू, कारण ही गोष्ट इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितली आहे की चांगले चांगले प्रोफेसरसुद्धा खरी धरून चालतात. १२ जुलै १९७३ ला सेंट लुइसजवळच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरला आग लागली, खरं आहे, आणि त्यात १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या हेही खरं. पण त्या होत्या आर्मीच्या आणि एअर फोर्सच्या. आर्मीतून १९१२ ते १९६० दरम्यान सुटलेल्यांच्या ८० टक्के फायली गेल्या, एअर फोर्सच्या ठराविक काळातल्या ७५ टक्के गेल्या. नेव्ही आणि मरीन कोअरचा साठा त्या आगीत जळाला नाही. शिवाय नोकरी सोडून ६२ वर्षं झाली की ती फाइल सगळ्यांसाठी खुली होते, म्हणजे १९४६ साली घरी गेलेल्या ऑफिसरची फाइल २००८ पासून कोणीही मागवू शकतं, नातेवाईक असायची गरज नाही. त्यासाठी पूर्ण नाव, जन्मतारीख, शक्य तर सर्व्हिस नंबर लागतो, थोडे पैसे लागतात आणि वाट बघायची तयारी लागते. म्हणून हे काम थिसिसच्या शेवटी ठेवू नकोस, आजच दोन-चार नावांचे अर्ज टाक.

आता मुद्द्याचं. ऑफिसर ट्रेनिंगचा कागद तिघांत वाटला गेलाय हे डोक्यात पक्कं बसव. माणसाची फाइल नेव्हीने ठेवली. शिकवण्याचा आणि पैशाचा हिशेब युनिव्हर्सिटीने ठेवला. आणि रोजचं जगणं, म्हणजे पत्रं, फोटो, वह्या, ते ज्याचं त्याने घरी नेलं. युनिव्हर्सिटीच्या आर्काइव्हमध्ये तुला मधला हिस्सा दिसतोय, आणि तो दुय्यम अजिबात नाही, उलट एक गोष्ट अशी आहे जी मला तरी इथेच सर्वात धडपणे सापडत आलीय, त्यावर खाली सविस्तर येते.

पार्श्वभूमी थोडी सांगते कारण ती माहीत नसेल तर बिलं वाचता येत नाहीत. नोव्हेंबर १९४२ मध्ये लष्करभरतीचं वय १८ वर आणलं, आणि कॉलेजं हादरली, कारण वर्ग रिकामे होणार होते, लहान कॉलेजांना तर टाळं लागायची वेळ. तिकडे नेव्हीला हजारो नवे ऑफिसर पाहिजे होते आणि तिची अॅनापोलिसची अॅकॅडमी तेवढे देऊच शकत नव्हती. दोघांची गरज जुळली आणि १ जुलै १९४३ ला व्ही-१२ प्रोग्राम सुरू झाला, १३१ कॉलेज-युनिव्हर्सिट्यांमध्ये, आणि तो ३० जून १९४६ पर्यंत चालला. सव्वा लाखाच्या वर मुलं त्यात आली आणि साधारण ६०,००० जणांना नेव्ही किंवा मरीन कोअरचं कमिशन, म्हणजे ऑफिसरपद, मिळालं. मुलं साध्या अॅप्रेंटिस सीमनच्या दर्जावर, युनिफॉर्ममध्ये, महिना ५० डॉलर पगारावर, पण शिकवणारे प्रोफेसर कॉलेजचेच आणि डिग्रीला धरले जाणारे क्रेडिटही कॉलेजचेच. वर्षाला चार-चार महिन्यांच्या तीन टर्म, सुट्टी जवळजवळ नाहीच, दर टर्मला १७ क्रेडिट आणि वर आठवड्याला साडेनऊ तास व्यायाम. पहिल्या वर्षात गणित, फिजिक्स, इंग्लिश, इंजिनिअरिंग ड्रॉइंग, नेव्हीची रचना, आणि चालू महायुद्धाची ऐतिहासिक पार्श्वभूमी असाही एक विषय, म्हणजे ज्या युद्धात पोरं जाणार तेच वर्गात शिकत होती.

हे लक्षात घेऊन आता ती जेवणाची बिलं परत काढ. नेव्ही कॉलेजला पैसे द्यायची ते काँट्रॅक्टप्रमाणे, शिकवायचे वेगळे, राहण्याचे वेगळे, जेवणाचे वेगळे, आणि जेवणाचे पैसे डोक्यावर मोजायचे, म्हणून दर महिन्याला किती पोरं मेसमध्ये जेवली हा आकडा त्या बिलात सापडतो. हे आकडे महिन्यागणिक एका शीटमध्ये टाकलेस की तुमच्या कॅम्पसचं युनिट कधी फुगलं, कधी अचानक निम्मं झालं, कधी रिकामं होत गेलं हे डोळ्यासमोर येतं. आकडा धाडकन पडतो त्या महिन्यावर बोट ठेवायचं आणि मग त्याच महिन्याचा प्रेसिडेंटचा पत्रव्यवहार काढायचा. टर्म संपून एक गट मिडशिपमन स्कूलला, म्हणजे पुढच्या खास नेव्हीच्या स्कूलला, गेला असेल, नेव्हीने नवी भरती कमी केली असेल, किंवा परीक्षेत खूप पोरं गळाली असतील. बिल स्वतः काही सांगत नाही पण कुठल्या फोल्डरमध्ये बघायचं ते बरोबर सांगतं.

पत्रं वाचताना एक सवय लावून घे. नेव्हीच्या पत्राच्या वरच्या कोपऱ्यात तारखेच्या आसपास एक विचित्र आकडा-अक्षरांची ओळ असते, पी ने सुरू होणारी, किंवा 'Pers' असं लिहून पुढे आकडे. लोक ती सोडून देतात. तो नेव्हीचा फायलिंगचा कोड आहे, पी म्हणजे पर्सोनेलचा विषय. प्रत्येक पत्रामागे तो वहीत उतरवून घे, कारण तुझ्या बॉक्समध्ये अर्धाच संवाद आहे, दुसरा अर्धा वॉशिंग्टनला ब्युरो ऑफ नेव्हल पर्सोनेलच्या कागदांत, म्हणजे नॅशनल आर्काइव्हजच्या रेकॉर्ड ग्रुप २४ मध्ये. तिथल्या आर्किव्हिस्टला मेल करताना 'व्ही-१२ बद्दल काही आहे का' असं विचारलंस तर उत्तर ढोबळच येणार, पण कोड आणि तारीख दिलीस तर माणूस थेट शेल्फपाशी जाऊ शकतो. कुठला साठा कुठल्या इमारतीत बसून बघायचा तेही त्याच मेलमध्ये विचारून घे, तिकीट काढायच्या आधी.

नावांसाठी बॉक्सच्या बाहेर बघ. व्ही-१२ ची पोरं दर्जाने सीमन असल्यामुळे युनिटच्या हजेरीपटात, मस्टर रोलमध्ये येतात, पण कमिशन मिळालं की मस्टर रोलमधून सहसा गायब होतात कारण ते रोल मुख्यतः एनलिस्टेड, म्हणजे ऑफिसर नसलेल्या, लोकांचे. तिथून पुढे नेव्हीचं दरवर्षीचं ऑफिसर रजिस्टर बघायचं, तेही बरंच ऑनलाइन स्कॅन झालंय. म्हणजे एखादं नाव मस्टरमध्ये शेवटचं कधी दिसतं आणि रजिस्टरमध्ये पहिल्यांदा कधी येतं, या दोन टोकांच्या मध्ये त्याचं ट्रेनिंग. कॅम्पसवरच्या युनिटचा पेपर, त्या वर्षांची इयरबुकं, पदवीदानाचे कार्यक्रमपत्र, गावातला पेपर, यात नावं भरपूर मिळतात. आणि खेळाची पानं सोडू नकोस! व्ही-१२ मुळे पोरांच्या बदल्या झाल्या तशा कॉलेजच्या टीम्सही बदलल्या. एलरॉय हर्श विस्कॉन्सिनचा फुटबॉल खेळाडू, तो १९४३ मध्ये मिशिगनकडून खेळला ते मरीनच्या ट्रेनिंगसाठी तिकडे पाठवला म्हणून. नोत्र दामचा अँजेलो बर्टेली त्याच सीझनमध्ये सहा मॅच खेळून मरीन कोअरला निघून गेला आणि तरी कॉलेज फुटबॉलमधली मानाची हाइझमन ट्रॉफी त्यालाच मिळाली. स्पोर्ट्स डिपार्टमेंटच्या फायलीत कोण कधी आलं, कधी गेलं याच्या तारखा नेव्हीच्या कागदापेक्षा नीट सापडतात कधी कधी.

मार्कांचं मात्र वेगळं आहे. ट्रान्स्क्रिप्ट रजिस्ट्रारच्या ताब्यात असतात, आर्काइव्हच्या नाही, आणि १९७४ पासूनच्या फर्पा कायद्याने विद्यार्थ्याचं रेकॉर्ड त्याच्या परवानगीशिवाय दाखवत नाहीत. माणूस गेला की कायद्याचं ते संरक्षण संपतं, मग ज्या त्या युनिव्हर्सिटीची पॉलिसी चालते. त्यामुळे रजिस्ट्रारला नावांची यादी नुसती पाठवू नकोस, प्रत्येक नावासोबत पेपरातला मृत्यूलेख जोड, आणि किती सालापर्यंतची रेकॉर्ड संशोधनाला खुली करता असं लेखी विचार. मृत्यूलेख जोडलेला अर्ज आला की बोलणं लवकर पुढे सरकतं हे मी अनेकदा पाहिलंय. नावं गाळून फक्त आकडेवारी मागायची सोयही असते, विषयवार किती नापास एवढं जरी मिळालं तरी एक अख्खा चॅप्टर होतो.

आता ती वर म्हटलेली, युनिव्हर्सिटीच्या कागदांतच धडपणे सापडणारी गोष्ट. सव्वा लाख आले, ६०,००० ऑफिसर झाले. मग उरलेले? सगळे काही नापास झाले नाहीत, कोणाची बदली झाली, कोणी तब्येतीमुळे गेला, बऱ्याच जणांच्या आधी युद्धच संपलं. पण अभ्यासात गळालेल्यांची संख्याही मोठी होती, विशेषतः जे आधीच जहाजावर काम करून फ्लीटमधून निवडून आले होते ती मुलं, शाळा सुटून काही वर्षं झालेली आणि एकदम गणित-फिजिक्सच्या समोर बसवलेली. जो गळाला तो साध्या खलाशाच्या रांगेत परत गेला. युनिटचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्याला सोडून दिलं, पुनर्भेटीच्या स्मरणिकेत तो नाही, ऑफिसरच्या रजिस्टरमध्ये तर नाहीच नाही. नेव्हीकडच्या त्याच्या फाइलीत दोन ओळी असतील. पण युनिव्हर्सिटीला त्याचं नाव पटावरून काढायचं होतं, त्याची खोली रिकामी झाली ते हिशेबात दाखवायचं होतं, त्याच्या जेवणाचे पैसे नेव्हीला लावायचे बंद करायचे होते, म्हणून कमांडिंग ऑफिसरकडून रजिस्ट्रारला जाणाऱ्या छोट्या छोट्या चिठ्ठ्यांमध्ये तो राहिलाय. नाव, तारीख, कारण दोन शब्दांत. या चिठ्ठ्या बहुतेक वेळा 'किरकोळ' किंवा 'रुटीन' असं लेबल लावलेल्या फोल्डरमध्ये असतात आणि यादी करणाऱ्यानेही त्या उघडून बघितलेल्या नसतात. तुझ्या ११ पैकी जे बॉक्स राहिलेत त्यात आधी ते फोल्डर शोध. मला विचारशील तर तुझा थिसिस तिथे आहे, कमिशन मिळालेल्यांवर खूप लिहून झालंय.

आणि गळणं म्हणजे आयुष्य वाया जाणं असंही कोणी समजू नये. रॉबर्ट केनेडी हार्वर्डला आणि मेनमधल्या बेट्स कॉलेजला व्ही-१२ मध्ये होता, त्याने स्वतःच १९४६ च्या सुरुवातीला ऑफिसर ट्रेनिंग सोडून घेतलं आणि साधा सीमन म्हणून डिस्ट्रॉयरवर गेला, ज्या जहाजाला युद्धात मारल्या गेलेल्या त्याच्या मोठ्या भावाचं, जोसेफ केनेडीचं नाव दिलं होतं. कमिशन न मिळालेल्यांच्या आकड्यात तोही येतो. आकड्यामागे कारणं किती वेगवेगळी असतात हे दाखवायला हे एक उदाहरण पुरेसं आहे.

उलट बाजूचं उदाहरण सॅम्युएल ग्रेव्हलीचं घे. नेव्हीत काळ्या माणसांना तोवर बहुतेक करून ऑफिसर्स मेसमधली वाढपी-स्वयंपाक्याची कामं मिळायची, व्ही-१२ मध्ये मात्र कागदावर तरी वर्णाची अट नव्हती. ग्रेव्हली यूसीएलएला व्ही-१२ मध्ये शिकला, मग न्यूयॉर्कला कोलंबिया युनिव्हर्सिटीतल्या मिडशिपमन स्कूलमधून डिसेंबर १९४४ ला ऑफिसर म्हणून बाहेर पडला, आणि १९७१ साली अमेरिकन नेव्हीचा पहिला कृष्णवर्णीय अॅडमिरल झाला. त्याचा माग काढायचा तर दोन युनिव्हर्सिट्या आणि नेव्ही अशा तीन ठिकाणचे कागद लागतात. तुझ्या कॅम्पसवर काळी मुलं होती का, हे बघायला फोटो बघ, कारण कागदावर वर्णाचा उल्लेख बरेचदा नसतो.

मिडशिपमन स्कूल म्हणजे व्ही-१२ नव्हे, हा घोळ यादीतसुद्धा होतो म्हणून सांगते. व्ही-१२ म्हणजे कॉलेजचा अभ्यास, त्यानंतर साधारण चार महिन्यांचं खास नेव्हीचं स्कूल, कोलंबिया, शिकागोत नॉर्थवेस्टर्न, नोत्र दाम, कॉर्नेल अशा ठिकाणी, आणि ती स्कूलं व्ही-१२ च्या आधीपासून व्ही-७ नावाखाली चालू होती. जॉन केनेडी १९४२ च्या उन्हाळ्यात नॉर्थवेस्टर्नच्या स्कूलला होता, पीटी बोटींवर, म्हणजे छोट्या वेगवान टॉर्पिडो बोटींवर, जायच्या आधी. नोत्र दामला १९४२ ते १९४६ मध्ये सुमारे १२,००० ऑफिसर तयार झाले आणि त्या पैशाने युनिव्हर्सिटी तगली, ही आठवण तिथे अजून जिवंत आहे, दरवर्षी नेव्हीशी फुटबॉल खेळायचं त्यामागे तेच कारण सांगतात. तुझ्या बॉक्सवर नुसतं नेव्हल ट्रेनिंग असं लिहिलेलं असेल तर आत एकाहून जास्त प्रोग्रामचे कागद मिसळलेले असणार असं धरूनच चाल.

बायकांचं ट्रेनिंग वेगळ्या कॉलेजांत झालं. जुलै १९४२ मध्ये वेव्ह्ज, म्हणजे नेव्हीची महिलांची शाखा, सुरू झाली, वेलस्ली कॉलेजच्या प्रेसिडेंट मिल्ड्रेड मॅकाफी तिच्या प्रमुख झाल्या, आणि ऑफिसर ट्रेनिंग मॅसॅच्युसेट्समध्ये स्मिथ आणि माउंट होलिओक कॉलेजात. कॉम्प्युटरवाल्या ग्रेस हॉपर स्मिथमधूनच १९४४ ला बाहेर पडल्या आणि थेट हार्वर्डला मार्क वन या सुरुवातीच्या कॉम्प्युटरवर काम करायला गेल्या. हॅरिएट पिकन्स आणि फ्रान्सिस विल्स या पहिल्या दोन कृष्णवर्णीय महिला ऑफिसरही स्मिथच्याच, डिसेंबर १९४४. तुमच्याकडे वेव्ह्ज नसतील तर यावर वेळ घालवू नकोस.

माझ्या मते युनिव्हर्सिटी आर्काइव्ह काय करू शकतं हे बघायचं तर कोलोरॅडोतल्या बोल्डरचं उदाहरण सगळ्यात चांगलं, त्यावर थोडी थांबते. नेव्हीने ऑक्टोबर १९४१ मध्ये, म्हणजे पर्ल हार्बरच्याही आधी, कॅलिफोर्नियात बर्कलीला जपानी भाषेचं स्कूल काढलं, हार्वर्डलाही काढलं पण ते पुढे बंद केलं. मग फेब्रुवारी १९४२ मध्ये रूझवेल्टचा ९०६६ नंबरचा आदेश निघाला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना उचलून छावण्यांत टाकायला सुरुवात झाली. आता स्कूलचे शिक्षक कोण, तर बहुतेक तेच, जपानी अमेरिकन. नेव्हीला शिक्षक हवे होते आणि बर्कलीत त्यांना ठेवता येत नव्हतं, म्हणून जून १९४२ मध्ये सगळं स्कूलच उचलून कोलोरॅडो युनिव्हर्सिटीत, बोल्डरला नेलं. शिक्षकांची कुटुंबं तिकडे राहायला गेली, नातेवाईक छावणीत आणि हे गावात पांढऱ्या पोरांना जपानी शिकवतायत. कोर्स साधारण १४ महिन्यांचा, आठवड्याचे सहा दिवस, दर शनिवारी परीक्षा. डोनाल्ड कीन याच स्कूलमधून निघाले, मेलेल्या जपानी सैनिकांच्या डायऱ्या वाचायचं काम त्यांच्याकडे आलं, आणि पुढे जपानी साहित्याचे एवढे मोठे अभ्यासक झाले. जपानी साहित्याचे अनुवादक एडवर्ड साइडनस्टिकर पण तिथलेच.

हे सगळं आज एवढं नीट सांगता येतं कारण बोल्डरच्या आर्काइव्हने फक्त स्वतःच्या ऑफिसातल्या फायलींवर समाधान मानलं नाही. रॉजर पिनो नावाच्या तिथल्याच माजी विद्यार्थ्याने जमवलेला मोठा संग्रह त्यांच्याकडे आला, आणि मग त्यांनी बाकीच्या विद्यार्थ्यांना, शिक्षकांच्या घरच्यांना पत्रं लिहून त्यांच्याकडचे कागद-फोटो-आठवणी मागवल्या. म्हणजे वर म्हटलेला तिसरा हिस्सा, जो घरोघरी गेला होता, तो परत कॅम्पसवर आणला. तूही हे छोट्या प्रमाणात करू शकतेस. अॅलम्नाय ऑफिसला सांगून त्यांच्या मेलमध्ये चार ओळी टाकायला लाव, त्या काळातले विद्यार्थी आता फार कमी उरलेत पण मुलं-नातवंडं आहेत, घर रिकामं करताना सापडलेली ट्रंक कोणाकडे द्यायची हा प्रश्न त्यांनाही असतो. फक्त एक, जे येईल ते आर्काइव्हच्या नावाने येऊ दे, देणगीचा कागद त्यांच्याकडून भरून घे, स्वतःच्या खोलीत ठेवू नकोस.

कागद हाताळायचं पण बोलते कारण तुझा मेसेज वाचून काळजी वाटली, तू फोटोंच्या पाकिटाला आंबूस वास येतो असं लिहिलंस. तो व्हिनेगरचा वास आहे, अॅसिटेटची निगेटिव्ह कुजायला लागली की येतो, आणि शेजारच्या निगेटिव्हलाही तो रोग लागतो. लगेच स्टाफला सांग, तुझं काम थांबणार नाही, ते पाकीट वेगळं करून थंडीत ठेवतील आणि स्कॅन देतील. दुसरं म्हणजे जांभळ्या शाईतले कागद. ते स्पिरिट डुप्लिकेटर नावाच्या जुन्या कॉपी मशीनवर काढलेले असतात, उजेडाने फिके पडतात, आधीच पुसट झालेले असतील तर मोबाइलवर फोटो काढून कॉन्ट्रास्ट वाढव, अक्षरं वर येतात, पण फ्लॅश नको आणि खिडकीपाशी तर नकोच नको. काळ्या शाईतले सायक्लोस्टाइलचे कागद त्या मानाने टिकाऊ. कांद्याच्या सालीसारखे पातळ कागद असतील त्या कार्बन कॉपी, युनिव्हर्सिटीने बाहेर पाठवलेल्या पत्रांची स्वतःसाठी ठेवलेली प्रत. गंजलेली टाचणी दिसली तर ओढू नकोस. फोल्डरचा क्रम कितीही चुकीचा वाटला तरी तसाच राहू दे, कारण ज्या कारकुनाने दोन पत्रं एकत्र लावली त्याच्याकडे त्याचं कारण होतं आणि तो क्रमही पुरावाच आहे.

युद्धानंतरचं थोडक्यात. एनआरओटीसी, म्हणजे कॉलेज शिकता शिकता नेव्हीचे ऑफिसर घडवणारी योजना, १९२६ ला सहा युनिव्हर्सिट्यांत सुरू झाली, बर्कलीचं युनिट तर पुढे पॅसिफिकचे सेनापती झालेल्या चेस्टर निमित्झनी उभं केलं, आणि १९४६ च्या हॉलोवे प्लॅनने ती कायमची व्यवस्था झाली. हे लक्षात ठेवायचं कारण म्हणजे एनआरओटीसी युनिटचे स्वतःचे कागद फेडरल सरकारचे, युनिव्हर्सिटीचे नव्हेत, युनिट बंद झालं की ते नेव्हीकडे जायचे. व्हिएतनामच्या काळात कॅम्पसवर आंदोलनं झाली, स्टॅनफर्डला १९६८ मध्ये नेव्ही आरओटीसीची इमारतच जाळली गेली, हार्वर्डसारख्या ठिकाणी युनिट बंद झाली ती २०११ साली परत आली. त्यामुळे त्या काळासाठी फॅकल्टी सेनेटची, म्हणजे प्राध्यापकांच्या सभेची, मिनिट्स वाच, तिथे वादाची दोन्ही बाजूंची भाषा मिळते. तुझा थिसिस १९४६ ला संपतो, तर एवढं पुरे.

आपल्याकडचं विचारलंस ते. भारतात नेव्हीचं ऑफिसर ट्रेनिंग युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर असं झालं नाही, त्यामुळे अगदी असाच साठा शोधत बसू नकोस. मुंबईत १९२७ पासून डफरिन जहाजावर कॅडेट शिकायचे, मुख्यतः मर्चंट नेव्हीसाठी, पण पुढे नेव्हीत गेलेलेही त्यात बरेच, पहिले भारतीय नौदलप्रमुख कटारी तिथलेच. १९४५ पासून लोणावळ्याला 'शिवाजी' हे नेव्हीचं ट्रेनिंग केंद्र, ते इंजिनिअरिंगचं. युनिव्हर्सिटीशी धागा जुळतो तो खडकवासल्याला, कारण एनडीएच्या कॅडेटला डिग्री जेएनयूची मिळते, म्हणजे अभ्यासाचा कागद दिल्लीच्या युनिव्हर्सिटीशी जोडलेला आणि सैनिकी कागद संरक्षण खात्याकडे, वाटणी जवळपास तशीच. आणि मुंबईत मेरिटाइम हिस्टरी सोसायटी आहे, व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटींनी १९७८ साली सुरू केलेली, सुट्टीत घरी आलीस तर तिथे जरूर जा. पीएचडीला विषय हवा असेल तर डफरिनच्या मुलांच्या घरांत पडलेली पत्रं गोळा करायला कोणीतरी हवंच आहे, आणि मराठी घरं त्यात भरपूर निघतील.

शेवटचं, गळालेल्यांची नावं छापायची का. कायद्याने बहुतेक ठिकाणी अडचण नसेल, पण त्या मुलाने पुढे पन्नास वर्षं घरी काहीच सांगितलं नसेल असं होऊ शकतं, आणि नात गुगल करताना तुझा थिसिस उघडेल. मी संशोधकांना सांगते की घरच्यांशी बोलणं झालं असेल किंवा माणसाने स्वतः कुठे लिहून ठेवलं असेल तरच पूर्ण नाव द्या, नाहीतर बॉक्स आणि फोल्डर नंबर देऊन 'फ्लीटमधून आलेला विद्यार्थी, दुसऱ्या टर्मला गळाला' एवढं लिहा. ज्याला पडताळायचं तो आर्काइव्हमध्ये येऊन पडताळू शकतो. तुझ्या गाइडशी हे आत्ताच बोलून घे, कारण आयआरबी (माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणारी युनिव्हर्सिटीची समिती) किंवा डिपार्टमेंटचा काही नियम असेल तर तो लिहून झाल्यावर कळण्यात फार त्रास होतो. आणि ते रुटीन लेबलचे फोल्डर उघडलेस की काय सापडलं ते मला कळव, चिठ्ठ्यांवरचे कारणांचे शब्द वाचायला अडलीस तर फोटो पाठव, तिथल्या आर्काइव्हची परवानगी घेऊन.